ते गाणं येईपर्यंत

रॉक गिटारवाल्याने स्टेजवर काय करावं याचे दंडक फार पूर्वीच ठरून गेले आहेत. जिमी हेंड्रिक्सने १९६७ साली माँटेरेच्या महोत्सवात गिटार पेटवून दिली. पीट टाउनशेंड ती आपटून फोडायचा. चक बेरी उकिडवा होऊन एका पायावर स्टेजभर फुदकायचा. अँगस यंग सत्तरीला टेकला तरी शाळेची अर्धी चड्डी घालून धावतो. डेव्हिड गिल्मोर यांतलं काहीही करत नाही. तो उभा राहतो. मधूनच पाय पुढे करून जमिनीवरचं एक बटण दाबतो आणि पुन्हा उभा राहतो. सूर फारच वर गेला तर डोळे मिटतो, पण तेवढंच.

त्याच्या पिंक फ्लॉइड या बँडच्या मंडळींना ही अडचण आधीच उमगली असावी. म्हणून त्यांनी प्रेक्षकांच्या डोक्यावरून हवा भरलेली डुकरं उडवली, विमानं आणून आदळवली, स्टेजवर भिंत बांधली आणि पाडली. वाजवणारे चौघेही हलायला तयार नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या कशाला तरी हलवणं भागच होतं.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. नाट्यसंगीतातले दर्दी. वन्स मोअर हा रसिकाचा जन्मसिद्ध हक्क आहे, असं मानणाऱ्या पिढीचे. एका रविवारी मी गिल्मोरच्या पाँपेईतल्या मैफलीची फिल्म लावून बसलो होतो, तेव्हा ते साखर मागायला म्हणून आले आणि बसले. पाचेक मिनिटं त्यांनी पडद्याकडे एकाग्रतेने पाहिलं.

“काय रे, हा सुरू कधी करणार?”

“काका, केव्हाच सुरू केलंय त्याने.”

“असं होय,” म्हणून ते पुन्हा बघू लागले. मग एका जागी गिल्मोरने एक स्वर धरला, तार बोटाने वर ओढत ओढत पुढच्या स्वराला नेऊन टेकवली आणि तिथे तिला हलकेच थरथरवलं. काकांची मान आपोआप हलली. “मींड बरी घेतो,” ते म्हणाले. “घाई नाही. आमच्याकडे असता तर कोणीतरी गंडा बांधला असता.” साखरेचं ते विसरले.

काकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते सांगायला इंग्रजी गिटार-मासिकं पन्नास वर्षं खर्ची घालत आहेत. गिल्मोरपेक्षा वेगाने बोटं चालवणारी पोरं आज गल्लोगल्ली आहेत. कोणते पेडल, कोणता हायवॉट अँप्लिफायर, कोणतं बिन्सन कंपनीचं इटालियन इको-यंत्र, याच्या याद्या त्यांना तोंडपाठ असतात. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांतून हप्त्याहप्त्याने हे सामान जमवून झालं की एके दिवशी सगळी बटणं दाबून तार ओढायची आणि मग जो आवाज निघतो तो आपलाच असतो, हे कळून खचायचं. खुद्द गिल्मोरने मात्र १९७० साली न्यूयॉर्कच्या मॅनीज नावाच्या दुकानात घेतलेली ती काळी स्ट्रॅटोकास्टर मध्यंतरी कित्येक वर्षं एका रेस्टॉरंटच्या भिंतीवर टांगायला देऊन टाकली होती. परत आणली, वाजवली, आणि जून २०१९ मध्ये सव्वाशे गिटारींबरोबर लिलावात विकून टाकली. एकट्या त्या गिटारीचे जवळपास चाळीस लाख डॉलर आले. लिलावाचे दोन कोटींवर डॉलर हवामानबदलाविरुद्ध कोर्टात लढणाऱ्या संस्थेला गेले. आणि २०२४ मध्ये हा माणूस दुसरीच गिटार गळ्यात घालून रोमच्या सर्कस मॅक्सिमसमध्ये उभा राहिला, तर आवाज तोच. त्या काळ्या गिटारीच्या हुबेहूब नकला घेतलेल्यांच्या मनाचं काय झालं असेल!

आता त्या गाण्याकडे येऊ. गिल्मोरच्या कार्यक्रमाला गेलेल्या, किंवा आपल्यासारख्या फिल्म बघून कृतार्थ होणाऱ्या, बहुतेकांना एकच गाणं हवं असतं: ‘कम्फर्टेबली नम्ब’. त्यालाही हे ठाऊक आहे, म्हणून ते तो सगळ्यात शेवटी ठेवतो. तोवरचे दोन-अडीच तास लोक टाळ्या वाजवतात, फोनवर चित्रण करतात, बिअर आणायला जातात. नवीन गाणं लागलं की जास्त जण जातात. बिअरवाल्यांना गिल्मोरचे नवे अल्बम मनापासून आवडत असणार.

आणि मग ते गाणं येतं. त्यातला दुसरा सोलो, म्हणजे शेवटचा, लांबलेला, हा आमच्या पंथातला काशीविश्वेश्वर. १९८०-८१ च्या ‘द वॉल’ या अल्बमाच्या प्रयोगांत खाली अंधारात बँडचा गीतकार-गायक रॉजर वॉटर्स गाऊन थांबायचा आणि अचानक भिंतीच्या माथ्यावर, पाठीमागून प्रकाश घेऊन, गिल्मोर दिसायचा. भाविकांची समजूत अशी की असा सोलो सुचत नाही, उतरतो. प्रत्यक्षात त्याने स्टुडिओत पाच-सहा वेळा वेगवेगळं वाजवलं, कागदावर तक्ता आखून कुठला तुकडा कुठल्या वेळचा चांगला त्यावर खुणा केल्या आणि ते तुकडे जोडून एक सोलो केला. जगातली निम्मी पोरं जे एका श्वासात वाजवायला बघतात ते खुद्द गिल्मोरने त्या दिवशी एका श्वासात वाजवलेलंच नव्हतं. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. साक्षात्कारापेक्षा तक्ता मला जवळचा वाटतो.

या गाण्याचे अभ्यासक ही एक स्वतंत्र जमात आहे. १९९४ चा अर्ल्स कोर्टचा सोलो, २००६ चा ग्दान्स्कच्या गोदीतला, २०१६ चा पाँपेईचा, यांत श्रेष्ठ कोणता यावर ही माणसं रात्र काढतात. १९९४ वाले सर्वांत कडवे. त्या दौऱ्याचा ‘पल्स’ नावाचा जो अल्बम निघाला त्याच्या खोक्याच्या कण्यात एक लाल दिवा बसवलेला होता. तो आतल्या बॅटरीवर अखंड लुकलुकायचा, आपण गाणी ऐकत असू वा नसू. अर्ध्या रात्री अंधाऱ्या खोलीत पुस्तकांच्या फळीवरून एक लाल डोळा आपल्याकडे बघतो आहे, या अवस्थेत ज्यांनी वर्ष काढलं त्यांना ‘१९९४ चा सोलो तसा बेताचाच’ असं सांगण्याची हिंमत मी करणार नाही.

पण मी त्यांच्यातला नाही. मी दुसऱ्या पंथातला. आमचा पंथ लहान आणि गर्विष्ठ आहे. अल्बमच्या कोपऱ्यात पडलेली, रेडिओने न उचललेली, संकलनांत न आलेली गाणी हे आमचं दैवत. ‘कम्फर्टेबली नम्ब’ सुरू झालं की आम्ही पाणी प्यायला उठतो. उठतो आणि दारातच खिळून ते सबंध ऐकतो ही गोष्ट निराळी, पण उठतो. गिल्मोरच्या १९७८ च्या पहिल्या एकल अल्बमातलं ‘देअर्स नो वे आउट ऑफ हिअर’ कुणी आवडतं म्हणालं की आम्ही हळूच सांगतो, “ते मुळात युनिकॉर्न नावाच्या बँडचं, माहीत असेलच.” समोरच्याला माहीत नसतं. त्यासाठीच सांगायचं असतं.

या पंथाची सुरुवात कुठे करावी? मी १९६९ च्या ‘उमागुमा’पासून करतो. त्या अल्बमात चौघांनी प्रत्येकी अर्धी बाजू वाटून घेतली आणि गिल्मोर संकटात सापडला. तोवर त्याने एकट्याने असं काही रचलंच नव्हतं. शब्द लिहून दे म्हणून त्याने वॉटर्सला विनवलं. वॉटर्स नाही म्हणाला. मग बिचाऱ्याने ‘द नॅरो वे’ स्वतःच लिहिलं, तीन भागांत. एकाच भागात कळलं असतं की शब्द सापडत नाहीयेत. तरीही त्यातली गिटार ऐकली की पुढे काय येणार आहे याची चाहूल लागते आणि मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, घाबरलेला आहे, हेही ऐकू येतं. प्रसिद्ध गाण्यांत कोणी घाबरलेलं ऐकू येत नाही.

पुढच्याच वर्षी ‘अ‍ॅटम हार्ट मदर’ आला. हाच तो गाईचा. मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही, अल्बमचं नाव नाही, फक्त मागे वळून बघणारी एक गाय, तिचं नाव ल्युलुबेल तिसरी. गिल्मोरने स्वतः पुढे या अल्बमाची इतकी निंदा केली आहे की तो आवडून घ्यायला थोडं धैर्य लागतं. पण त्याच्या दुसऱ्या बाजूला ‘फॅट ओल्ड सन’ आहे. उन्हाळ्यातली इंग्लिश संध्याकाळ, लांबून येणारा चर्चच्या घंटांचा आवाज, आणि मध्येच सापडलेल्या सावलीत पडून राहिलेल्या माणसाची गाण्याची चाल. ड्रम आणि बासही त्यात त्यानेच वाजवले आहेत. ड्रम ऐकताना ते कळतं. गाण्यात घडत काहीच नाही. शेवटच्या दीड-दोन मिनिटांत इलेक्ट्रिक गिटार येते, तीही आपलं काही काम नाही अशा बेताने, आणि मग जायचं नावच घेत नाही.

१९७० आणि ७१ मध्ये बीबीसीसाठी वाजवताना हेच गाणं त्यांनी पंधरा मिनिटांपर्यंत ताणलं. नंतर ते मागे पडलं. वॉटर्सकडे सांगायला बरंच काही होतं: युद्ध, पैसा, वेड, शाळामास्तर. पडून राहण्याविषयीच्या गाण्याला त्यात जागा कुठून मिळणार? पण पुढे स्वतःच्या नावावरच्या मैफलींत, २००१ मध्ये, गिल्मोरने ते बाहेर काढलं. पुन्हा पाँपेईला वाजवलं. २०२४ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा. कोवळा, वर चढणारा तो जुना गळा आता नाही. वरच्या सुरांवर तो जपून पाय टाकतो, आणि गाणं त्याने अधिकच चांगलं होतं, कारण पडून राहण्यातलं सुख चोविसाव्या वर्षी कुणाला कळलंय? त्यातली गिटार सुरू झाली की माझ्यासारख्याला वाटतं, हा माणूस इथे स्वतःच्या घरी आहे. ‘कम्फर्टेबली नम्ब’मध्ये तो सरकारी कामावर असतो. उत्तम काम, वेळेवर, तक्रारीला जागा नाही. पण कामावर.

त्या गाईच्याच तबकडीवर शेवटी ‘अ‍ॅलन्स सायकेडेलिक ब्रेकफास्ट’ नावाचा तेरा मिनिटांचा प्रकार आहे. बँडचा एक हमाल-मदतनीस अ‍ॅलन न्याहारी करतो, ती आपण ऐकायची. काडी पेटते, कढईत काहीतरी चर्र करतं, अ‍ॅलन पुटपुटत खातो, मधेमधे संगीत. स्टेजवर हे सादर करताना ते खरोखर स्वयंपाक करायचे आणि चहा प्यायचे. तिकीट काढून आलेल्या माणसाने भुकेल्या पोटी हे बघायचं. तबकडीच्या अगदी शेवटी नळाचं ठिबकणं आहे आणि इंग्लंडमधल्या काही प्रतींत ते शेवटच्या बंद खाचेत कोरलेलं होतं, म्हणजे आपण उठून सुई उचलेपर्यंत नळ गळतच राहतो. आमच्याकडे हे लागलं की घरातलं कोणीतरी स्वयंपाकघरात जाऊन नळ बघून येतं. पाण्याच्या बाबतीत मराठी घर कलेचा विचार करत नाही.

वॉटर्सचं नाव इतक्यांदा आलं तर त्या प्रकरणाचाही निकाल लावून टाकतो. पिंक फ्लॉइडचं भांडण पाश्चात्त्य वाचकाला गूढ वाटतं. आपल्याला त्यात अनोळखी काही नाही. ही सरळसरळ भाऊबंदकी आहे. थोरल्याने वाडा उभारला, धाकट्याने सजवला. थोरला १९८५ मध्ये बाहेर पडला आणि म्हणाला, मी गेलो, आता वाड्याचं नाव लावायचं नाही. धाकटा म्हणाला, लावणार. दावा दाखल झाला. अखेर १९८७ च्या नाताळाच्या तोंडावर, गिल्मोरच्या टेम्सवरल्या नौकेत, हिशेबनिसाला शेजारी बसवून वाटणी झाली. नाव धाकट्याकडे, ‘द वॉल’ थोरल्याकडे, आणि डुकराचा हक्कही थोरल्याकडे. धाकट्याच्या पक्षाने त्या वर्षीच्या दौऱ्यात आपलं डुक्कर उडवलं ते वृषणं लावून, म्हणजे हे त्यांचं नव्हे, आमचं स्वतंत्र डुक्कर आहे हे लांबूनही दिसावं. आपल्याकडच्या कोणत्याही दिवाणी वकिलाला या युक्तीबद्दल आदर वाटेल.

पुढे समेटाचे प्रसंग आले. २०१० मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात दोघे एकत्र आले. गिल्मोरला तिथे एक जुनं गोडगोड प्रेमगीत दोघांनी मिळून गावं असं वाटत होतं आणि वॉटर्स कां-कूं करत होता. गिल्मोरने सौदा ठेवला: तू हे गा, मी तुझ्या ‘द वॉल’च्या एका प्रयोगात येऊन ‘कम्फर्टेबली नम्ब’ वाजवतो. वॉटर्स गायला. त्याचे सूर कसे लागले याची चर्चा नको. १२ मे २०११ ला लंडनच्या ओटू सभागृहात, आधी गवगवा न करता, गिल्मोर पुन्हा त्या भिंतीच्या माथ्यावर उगवला. खाली उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या डोळ्यांत जे पाणी आलं ते कोणत्याही लग्नात येत नाही. आमच्या वाट्याला २००७ साली मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर एकटा वॉटर्स आला. सोलो दुसऱ्याच कुणीतरी वाजवले, आणि आम्ही ते सगळे तोंडाने बरोबर म्हटले.

गिल्मोरचे प्रयोग कुठे झाले हाही एक मजेचा विषय आहे. १५ जुलै १९८९ ला पिंक फ्लॉइडने व्हेनिसमध्ये सान मार्को चौकासमोर, पाण्यात तराफ्यावर स्टेज तरंगवून, फुकट कार्यक्रम केला. पुरातत्त्ववाल्यांना भीती वाटली की दणक्याने बॅसिलिकेची मोझेइकं गळतील, म्हणून आवाज कमी करायचं ठरलं. मोझेइकं वाचली. पण दोन लाख माणसं आली आणि नगरपालिकेने स्वच्छतागृहांची सोयच केली नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हेनिसकरांना जे दिसलं त्यानंतर नगराध्यक्षांसकट सगळ्या नगरसेवकांना राजीनामे द्यावे लागले. गिटारचा एकही स्वर चुकलेला नसताना शासन पडल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं.

या माणसाच्या कानांचं एक सांगतो. फ्रेंच रेल्वेच्या स्थानकांवर घोषणेआधी चार स्वरांची एक छोटी धून वाजते. लाखो लोक ती ऐकतात आणि आपली गाडी उशिरा आहे एवढंच त्यांना कळतं. गिल्मोर एक्स-आँ-प्रोव्हान्सच्या स्थानकावर उभा होता. त्याने फोन काढून ती ध्वनिमुद्रित केली, परवानगी घेतली, मूळ रचनाकाराला श्रेय दिलं आणि २०१५ च्या ‘रॅटल दॅट लॉक’चं शीर्षकगीत त्यावर रचलं. त्याआधी चाळीस वर्षं असेच चार स्वर त्याच्याच बोटांतून चुकून पडले होते आणि त्यावर ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ उभं राहिलं. दादर स्थानकावर तो कधी उभा राहिला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी गर्दीच्या वेळी करतो.

कोपऱ्यातलं सगळंच गमतीचं नसतं. १९७१ च्या ‘मेडल’वर ‘इकोज’ आहे, वीस मिनिटांहून लांब. गिल्मोर आणि कीबोर्डवाला रिचर्ड राइट यांचे गळे त्यात इतके एकमेकांत मिसळले आहेत की कुठला कुणाचा हे सोडवत बसू नये. २००६ च्या दौऱ्यात दोघांनी ते पुन्हा वाजवलं. ग्दान्स्कच्या फिल्ममध्ये बघा, दोघे एकमेकांना वाक्यं देतात-घेतात आणि नेहमी दगडासारखा उभा असणारा गिल्मोर चक्क हसतो. त्या मैफलीचा अल्बम बाजारात यायला आठवडा राहिला असताना, १५ सप्टेंबर २००८ ला, राइट गेला. गिल्मोरने ‘इकोज’ त्यानंतर वाजवलेलं नाही. लोक ओरडून मागतात. तो न ऐकल्यासारखं करतो.

‘मेडल’वरच ‘शेमस’ नावाचं गाणं आहे. त्यात शेमस नावाचा कुत्रा ब्लूजच्या मागे रडतो. समीक्षकांनी ते पिंक फ्लॉइडच्या सर्वांत टाकाऊ गाण्यांत टाकलं आहे. पण पहिल्या, १९७१ मध्ये प्रेक्षकांविना चित्रित केलेल्या पाँपेईच्या फिल्ममध्ये त्याची एक आवृत्ती आहे, ज्वालामुखीपासून लांब, पॅरिसच्या स्टुडिओत घेतलेली. गायिका मादम्वाझेल नॉब्स, लांब तोंडाची, उंच, खानदानी कुत्री. गिल्मोर माउथ ऑर्गन वाजवतो, वॉटर्स गिटार, आणि राइट तिच्या तोंडापाशी माइक धरून बसतो. पंथातला मी असूनही हे कुणाला दाखवताना थोडा दबकतो.

काकांना दाखवलं. विसरलेली साखर मागायला आले होते. त्यांनी नॉब्सबाईंचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका हाताने मांडीवर ठेका धरत, ऐकलं. संपल्यावर चष्मा पुसला.

“हिची सम बरोबर येते रे,” ते म्हणाले. “आणि ही हलते तरी. लाव परत.”